उपग्रहांचे आकार आणि त्यांची उत्पत्ती

(भूगोल व सामान्य विज्ञान शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी)

आषाढ शुद्ध एकादशीस जळगाव शहराचाच भाग झालेल्या पिंप्राळा येथे विठ्ठलाचा रथ निघतो. पावसाळी ढग थोडे बाजूस सरले, तर त्या संध्याकाळी रथाच्या कळसावर चंद्रही दिसतो. एकादशीचा हा चंद्र पुरता वाटोळा नसतो. त्याची एक कड फुगीर व दुसरी किंचित चेपल्यासारखी दिसते. अशा वेळी एखादा विद्यार्थी शिक्षकास सहज विचारतो, "गुरुजी, चंद्र आज वेडावाकडा का?" यावर शिक्षक उत्तर देतात की, चंद्र गोलच आहे, सूर्यप्रकाशाने उजळलेला त्याचा भाग तेवढा कमीअधिक दिसतो, आणि त्यास चंद्राची कला म्हणतात. हे उत्तर बरोबर आहे.

परंतु शिक्षकाने या उत्तरास "सर्वच ग्रहांचे चंद्र असे गोल असतात" हे वाक्य जोडले, तर मात्र ते चुकीचे ठरेल. ही चूक सर्वत्र आढळते. भिंतीवरील तक्त्यांवर प्रत्येक ग्रहाभोवती कंपासने काढलेली लहान लहान वर्तुळे असतात. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि उपग्रह म्हणजे लहान चेंडू, अशी त्यांची समजूत कायमची होऊन बसते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. ही समजूत कशी दुरुस्त करावी, आणि ती करताना निसर्गाचा केवढा मोठा नियम विद्यार्थ्यांच्या हाती देता येतो, हे पुढील विवेचनात सांगितले आहे.

१. गोल थोडे, वेडेवाकडे फार

१६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार मोठे उपग्रह पाहिले. पृथ्वीखेरीज इतर ग्रहांनाही चंद्र आहेत, हे त्या वेळी प्रथम कळले. त्यानंतर दुर्बिणी मोठ्या झाल्या, छायाचित्रणाची कला आली, पुढे अवकाशयाने प्रत्यक्ष ग्रहांपर्यंत पोहोचली, आणि उपग्रहांची संख्या वाढतच गेली. मार्च २०२५ मध्ये एकट्या शनीच्या १२८ नव्या उपग्रहांची नोंद मान्य झाली व त्याच्या ज्ञात उपग्रहांची संख्या २७४ झाली. इतर ग्रहांचे उपग्रह त्यात मिळविले, तर एकूण संख्या चारशेच्या वर जाते.

एवढ्या मोठ्या समुदायात, ज्यांस सामान्यतः गोल म्हणता येईल असे उपग्रह केवळ अठरा आहेत. पृथ्वीचा एक, गुरूचे चार, शनीचे सात, युरेनसचे पाच, आणि नेपच्यूनचा एक. बुध व शुक्र यांस उपग्रहच नाहीत. मंगळास दोन आहेत, परंतु त्यांतील एकही गोल नाही. उरलेले सर्व उपग्रह कोणी बटाट्यासारखे, कोणी अंड्यासारखे, तर कोणी फोडून टाकलेल्या खडकासारखे आहेत. तात्पर्य, उपग्रहांच्या जगात वेडावाकडा आकार हाच नियम आणि गोल आकार हा अपवाद होय. रोज डोळ्यांसमोर दिसणारा आपला चंद्र नेमका या अपवादांपैकी एक असल्यामुळे हा गैरसमज दृढ झालेला आहे.

२. गोलाई कोठून येते

गिरणा नदीच्या पात्रात गुळगुळीत वाटोळे गोटे पुष्कळ सापडतात. हे गोटे पाण्याबरोबर घरंगळत आले, एकमेकांवर घासले, त्यांचे कोपरे झिजले व ते वाटोळे झाले. चंद्रही असाच झिजून गोल झाला असेल, असे विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षकाने ही कल्पना प्रथमच दूर करावी. गोट्याची गोलाई बाहेरून येते. चंद्राची गोलाई आतून येते. गोट्यास गोल करणारी शक्ती घर्षणाची, तर चंद्रास गोल करणारी शक्ती त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाची होय.

पृथ्वी जड वस्तूंस आपल्याकडे ओढते, हा विचार या प्रदेशास नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी' या ग्रंथात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख केला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. ही आकर्षणशक्ती केवळ पृथ्वीपुरती नाही, तर द्रव्याच्या प्रत्येक कणास ती आहे, हे पुढे सतराव्या शतकात न्यूटनने दाखवून दिले. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणास ओढतो. म्हणून मोठ्या पिंडाचे सर्व कण मध्याकडे ओढले जातात. उंचवटे खाली दाबले जातात, खळगे भरून निघतात, आणि सर्व बाजू मध्यापासून सारख्या अंतरावर येऊ पाहतात. ज्या आकृतीच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू मध्यापासून समान अंतरावर असतो, त्या आकृतीचे नाव गोल.

मग लहान पिंड गोल का होत नाहीत? याचे कारण असे की, खडकासही स्वतःचे बळ असते. गुरुत्वाकर्षण खडकास दाबते व खडक त्यास विरोध करतो. पिंड लहान असेल तर आकर्षण दुबळे असते व खडकाचा विजय होतो. पिंड आपला मूळचा वेडावाकडा आकार टिकवून धरतो. पिंड मोठा असेल तर आकर्षण प्रबळ होते, त्यापुढे खडकाचे काही चालत नाही, आणि तो हळूहळू दबून गोल होतो.

वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांस हे साध्या गुणाकाराने पटविता येते. पर्वत फार उंच झाला, तर त्याच्या भाराने पायथ्याचा खडक दबू लागतो. म्हणून प्रत्येक ग्रहावर पर्वताच्या उंचीस मर्यादा असते. पृथ्वीवर ही मर्यादा ढोबळपणे १० कि.मी. धरावी, एव्हरेस्ट शिखराची उंची सुमारे ८.८ कि.मी. आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० कि.मी. आता, सारख्या द्रव्याच्या लहान पिंडावर पृष्ठभागीचे आकर्षण त्रिज्येच्या प्रमाणात कमी होते. म्हणून पर्वत तितक्याच पटीने अधिक उंच राहू शकतो. त्रिज्या निम्मी, तर उंचीची मर्यादा दुप्पट. म्हणजेच त्रिज्या व पर्वताची उंची यांचा गुणाकार जवळजवळ कायम राहतो. पृथ्वीसाठी तो ६,४०० × १० = ६४,००० येतो. मंगळाची त्रिज्या सुमारे ३,४०० कि.मी. व त्यावरील ऑलिंपस मॉन्स हा पर्वत सुमारे २२ कि.मी. उंच आहे. त्यांचा गुणाकार ७४,८०० येतो, म्हणजे साधारण त्याच घरातला.

आता असा पिंड कल्पावा की, ज्यावरील पर्वत त्या पिंडाच्या त्रिज्येएवढाच उंच राहू शकेल. अशा पिंडास गोल म्हणण्यात काही अर्थच उरत नाही. पर्वत कोणता व पिंड कोणता, हेच कळणार नाही. त्रिज्या व उंची समान आणि गुणाकार ६४,०००. म्हणून त्रिज्या ६४,००० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सुमारे २५० कि.मी. यावरून खडकाचा पिंड गोल होण्यासाठी त्याचा व्यास ५०० कि.मी.च्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा, असे अनुमान निघते. हिशेब ढोबळ आहे. परंतु प्रत्यक्ष आकाशात जे दिसते त्याशी तो चांगला जुळतो.

३. सीमेवरील उपग्रह

शनीचा मिमास हा उपग्रह सुमारे ४०० कि.मी. व्यासाचा आहे. तो बहुतांशी बर्फाचा बनलेला आहे. बर्फ खडकापेक्षा लवकर दबतो, म्हणून एवढ्या लहान आकारातही मिमास गोल झाला. त्याच्या एका अंगावर सुमारे १३० कि.मी. रुंदीचे विवर आहे. एवढा आघात होऊनही तो फुटला नाही. याउलट नेपच्यूनचा प्रोटियस हा उपग्रह मिमासहून किंचित मोठा, सुमारे ४२० कि.मी. व्यासाचा आहे, तरी तो गोल नाही. त्याच्या अंगावर मोठमोठे सपाट पैलू आहेत. 'व्हॉयेजर २' या यानाने १९८९ साली तो शोधून काढला.

मिमास लहान असून गोल आणि प्रोटियस मोठा असून ओबडधोबड. यावरून असे दिसते की, गोल व अगोल यांमधील सीमा ही कुंपणासारखी एका रेषेवर आखलेली नाही. पिंड कशाचा बनला आहे, तो पूर्वी कितपत तापला होता, त्यावर कोणते आघात झाले, यांवर ती थोडी मागेपुढे सरकते.

शनीचाच हायपेरियन हा उपग्रह याहून विलक्षण आहे. १८४८ साली अमेरिकेत बाँड पितापुत्रांनी व इंग्लंडमध्ये लॅसल याने तो जवळजवळ एकाच वेळी शोधला. त्याची लांबी सुमारे ३६० कि.मी., परंतु दुसऱ्या बाजूने तो अवघा २०५ कि.मी. भरतो. २००५ साली 'कॅसिनी' यानाने जवळून घेतलेल्या छायाचित्रांत तो स्पंजासारखा सच्छिद्र दिसला. त्याची घनता पाण्याच्या सुमारे निम्मी आहे, म्हणजे त्याच्या अंतर्भागात पुष्कळ पोकळी असली पाहिजे. वेडावाकडा आकार आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे त्याचे स्वतःभोवती फिरणेही नियमित नाही. तो गडगडत, डुलत जातो. काही महिन्यांनंतर त्याची कोणती बाजू कोणीकडे असेल, हे सांगता येत नाही. हायपेरियनवर पंचांग करावयाचे ठरविले, तर दिवसाचे मानच निश्चित करता येणार नाही!

शनीच्या कड्यांजवळील पॅन व ॲटलास या लहान उपग्रहांची गोष्ट निराळी आहे. पॅनचा सरासरी व्यास सुमारे २८ कि.मी. असून त्याच्या मध्यावर सभोवार एक उंच कड उठलेली आहे. त्यामुळे तो करंजीसारखा दिसतो. कड्यांतील बारीक कण त्याच्या विषुववृत्तावर साचत जाऊन ही कड तयार झाली असावी, असे मानले जाते. यावरून हेही ध्यानात येईल की, वेडावाकडा आकार केवळ फुटण्यानेच नव्हे, तर साचण्यानेही येतो.

४. मंगळाचे दोन सोबती

वेडावाकड्या उपग्रहांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मंगळाचे फोबोस व डीमोस. ऑगस्ट १८७७ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील वेधशाळेतून ॲसफ हॉल याने ते शोधले. दुर्बिणीतून ते केवळ प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे दिसत. त्यांचे खरे रूप 'मरिनर ९' हे यान १९७१ साली मंगळाभोवती फिरू लागल्यावर प्रथमच स्पष्टपणे दिसले. फोबोसची लांबी सुमारे २७ कि.मी., रुंदी २२ कि.मी. व जाडी १८ कि.मी. आहे. डीमोस त्याहून लहान, सुमारे १५ कि.मी. लांब. फोबोसवर सुमारे ९ कि.मी. रुंदीचे एक विवर आहे. हॉलची पत्नी अँजेलिन स्टिकनी हिने त्यास या शोधात नेट धरण्यास प्रोत्साहन दिले होते, म्हणून त्या विवरास 'स्टिकनी' असे नाव देण्यात आले.

या उपग्रहांचे दर्शन भारतीय यानानेही घेतले आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. १ जुलै २०२० रोजी त्याच्या कॅमेऱ्याने सुमारे ४,२०० कि.मी. अंतरावरून फोबोसचे छायाचित्र घेतले. त्यात स्टिकनी विवर स्पष्ट दिसते. २०२२ साली या यानाशी असलेला संपर्क तुटला; परंतु त्याने पाठविलेली ही छायाचित्रे विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावीत.

फोबोसचे आकर्षण किती क्षीण असेल? पृथ्वीवर ६० किलो भरणारा मनुष्य तेथील स्प्रिंगच्या काट्यावर सुमारे ३५ ग्रॅम भरेल. तेथून जोराने भिरकावलेला दगड खाली न पडता कायमचा निघून जाईल, कारण ताशी ४० कि.मी.च्या वेगाने सुटलेली वस्तूही फोबोस धरून ठेवू शकत नाही. ज्यास एक दगडही धरवत नाही, त्याला खडक दाबून गोल करण्याचे बळ कोठून येणार? आकार व आकर्षण यांचा संबंध समजावून देण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

फोबोस मंगळाच्या अगदी जवळून, पृष्ठभागापासून सुमारे ६,००० कि.मी. अंतरावरून फिरतो व ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. मंगळाचा दिवस मात्र साडेचोवीस तासांहून थोडा मोठा आहे. त्यामुळे मंगळावर उभे राहून पाहिल्यास फोबोस पश्चिमेस उगवून पूर्वेस मावळताना दिसेल. तो शंभर वर्षांत सुमारे दोन मीटर या मानाने मंगळाकडे सरकत आहे. सुमारे तीन ते पाच कोटी वर्षांनी तो मंगळाच्या ओढीने फुटेल किंवा मंगळावर आदळेल, असा अंदाज आहे.

५. जन्माचे तीन मार्ग

उपग्रह आला कोठून, या प्रश्नास शास्त्रज्ञ तीन प्रकारची उत्तरे देतात.

पहिला मार्ग ग्रहाबरोबर जन्मण्याचा. ग्रह घडत असताना त्याच्याभोवती वायू व धूळ यांची चकती फिरत होती. तीतील द्रव्य गोळा होऊन उपग्रह बनले. गुरूचे चार मोठे उपग्रह या प्रकारचे होत. ते ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत, जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत आणि ग्रह ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरतात. ते घरात जन्मलेले आहेत, म्हणून घराच्या शिस्तीने वागतात.

दुसरा मार्ग बाहेरून येऊन अडकण्याचा. सूर्याभोवती फिरणारा एखादा पिंड ग्रहाजवळून जातो व ग्रह त्यास पकडतो. परंतु हे पकडणे वाटते तितके सोपे नाही. पिंप्राळ्याच्या किंवा जळगावच्या रथाचे उदाहरण येथे घ्यावे. रथ चालू लागला की, केवळ दोर ओढून तो थांबत नाही. चाकाखाली मोगरी द्यावी लागते. तसेच जवळून जाणाऱ्या पिंडास ग्रह नुसता ओढतो, तेव्हा त्याचा वेग वाढतो आणि त्याच वेगाने तो पुन्हा दूर निघून जातो. तो अडकण्यासाठी मध्ये कोणीतरी मोगरी द्यावी लागते. कधी ग्रहाभोवतीचा प्राचीन वायू त्यास रोधतो, कधी दुसऱ्या पिंडाशी टक्कर होते, तर कधी जोडीने आलेल्या दोन पिंडांपैकी एक वेग घेऊन निसटतो व दुसरा मंद होऊन मागे राहतो.

शनीचा फीबी हा उपग्रह असा पकडलेला असावा. तो शनीपासून सुमारे एक कोटी तीस लाख कि.मी. अंतरावर, इतर मोठ्या उपग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. शनीच्या नव्याने सापडलेल्या लहान उपग्रहांपैकी बहुतेक याच जातीचे आहेत. त्यांच्या कक्षा दूरच्या, कललेल्या व लांबट असतात. त्यांतील अनेकांच्या कक्षा परस्परांशी इतक्या जुळतात की, पूर्वी पकडलेला एखादा मोठा पिंड टकरीने फुटून त्याचीच ही पिलावळ झाली असावी, असे दिसते.

तिसरा मार्ग आघाताचा. पृथ्वीच्या बालपणी, सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, मंगळाएवढा एक पिंड तिच्यावर आदळला, तप्त द्रव्य अवकाशात उडाले आणि ते गोळा होऊन चंद्र बनला, असे आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात.

येथे एका गोष्टीची सावधगिरी बाळगली पाहिजे. "गोल तो घरचा आणि वेडावाकडा तो बाहेरचा," असे सोपे सूत्र बनविण्याचा मोह होतो. परंतु ते खरे नाही. नेपच्यूनचा ट्रायटन सुमारे २,७०० कि.मी. व्यासाचा व पूर्ण गोल आहे. तरी तो ग्रहाच्या उलट दिशेने फिरतो आणि म्हणून बाहेरून पकडून आणलेला मानला जातो. उलटपक्षी, शनीच्या कड्यांजवळील पॅन वेडावाकडा असूनही तेथलाच आहे. आकारावरून पिंडाचा लहानमोठेपणा व बळ कळते. त्याचा जन्म कळत नाही.

६. तीन साक्षी

उपग्रहाची जन्मकथा जाणण्यासाठी तीन साक्षी तपासाव्या लागतात: आकार, वाट आणि द्रव्य. आकाराची व वाटेची साक्ष वर आली. तिसरी, द्रव्याची साक्ष किती मोलाची असते, याचे एक उदाहरण खानदेशातच आहे.

१८४३ साली त्या वेळच्या एदलाबाद, म्हणजे आताच्या मुक्ताईनगर, परिसरातील मानेगाव येथे आकाशातून एक दगड पडला. अशा दगडास अशनी म्हणतात. त्याचे जतन झालेले तुकडे थोडेच आहेत. परंतु जगातील अशनींच्या सूचीत मानेगावचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. त्याची खनिजरचना तपासता तो 'डायोजेनाइट' नावाच्या दुर्मिळ जातीचा ठरला. या जातीचे दगड मंगळ व गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या व्हेस्टा या लघुग्रहापासून सुटून आलेले मानले जातात. २०११–१२ मध्ये 'डॉन' या यानाने व्हेस्टाभोवती फिरून निरीक्षण केले, तेव्हा या मतास भक्कम आधार मिळाला. व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर सुमारे ५०० कि.मी. रुंदीचा प्रचंड खळगा आढळला. एवढे द्रव्य ज्या आघाताने उडाले, त्याचेच कण दीर्घ प्रवासानंतर पृथ्वीवर येत असले पाहिजेत.

व्हेस्टाचा सरासरी व्यास सुमारे ५२५ कि.मी. आहे, म्हणजे पूर्वी केलेल्या हिशेबातील सीमेवरच तो बसतो. आणि तो दिसतोही तसाच. गोल होता होता आघाताने एका बाजूस चेपला गेलेला. मानेगावच्या दगडाने दोन गोष्टी सिद्ध होतात. टकरीने पिंड फुटतात व त्यांचे वेडेवाकडे तुकडे दूरवर पसरतात, ही पहिली. आणि तुकड्याच्या अंगच्या खनिजांवरून त्याचे मूळ घर ओळखता येते, ही दुसरी.

चंद्राच्या जन्माचा निर्णय करण्यासही हीच साक्ष उपयोगी पडली. १९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. तिच्यातील ऑक्सिजनचे घटक पृथ्वीवरील खडकांतील घटकांशी विलक्षण जुळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरलेल्या भारताच्या चंद्रयान-३ मधील 'प्रज्ञान' गाडीने तेथील मातीचे पृथक्करण केले. चंद्र आरंभी वितळलेल्या खडकाच्या महासागराने व्यापलेला होता, या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली.

फोबोस व डीमोस यांच्याविषयी मात्र साक्षींचा मेळ अद्याप बसलेला नाही. त्यांचा काळपट रंग व वेडावाकडा आकार पाहून ते पकडलेले लघुग्रह असावेत, असे पुष्कळ काळ मानले गेले. परंतु त्यांची वाट निराळे सांगते. त्यांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार व मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत. पकडून आणलेल्या पिंडाची वाट इतकी शिस्तीची असणे कठीण. म्हणून मंगळावर झालेल्या मोठ्या आघातातून उडालेल्या द्रव्याचे ते बनले असावेत, असे दुसरे मत आहे. २०२३ साली संयुक्त अरब अमिरातीच्या 'होप' यानाने डीमोसच्या जवळून जाऊन केलेली निरीक्षणे या दुसऱ्या मताकडे झुकणारी आहेत. अखेरचा निर्णय द्रव्याच्या साक्षीनेच व्हावयाचा आहे. त्यासाठी फोबोसवरील माती पृथ्वीवर आणण्याची मोहीम जपानने आखली आहे.

७. वर्गपाठासाठी सूचना

(अ) तीन ताटल्या घ्याव्यात. एकीत खडी, दुसरीत ज्वारी व तिसरीत पाणी वरून ओतावे. खडी जशी पडेल तशी वेडीवाकडी राहते. ज्वारीची घसरून शंकूसारखी रास होते. पाणी सपाट पसरते. ओढ तिन्हींवर सारखीच आहे; फरक आहे तो द्रव्याच्या विरोधात. "विरोध जितका कमी, तितका पदार्थ ओढीस अधिक वश," हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. खळ्यावरील धान्याची रास विद्यार्थ्यांनी पाहिलेली असल्यास तिची आठवण द्यावी.

(आ) अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर दोऱ्यास टांगलेला चेंडू व नंतर लांबट बटाटा सावकाश फिरवावा व भिंतीवरील सावली पाहावी. चेंडूची सावली बदलत नाही. बटाट्याची लहानमोठी होते. दूरचा उपग्रह दुर्बिणीतून ठिपक्याएवढाच दिसत असला, तरी त्याचा प्रकाश कमीअधिक होत असेल तर तो लांबट असावा, असे अनुमान याच रीतीने करता येते.

(इ) चेंडूवरच एका बाजूने प्रकाश पाडून चंद्राच्या कला दाखवाव्यात. कला बदलते, आकार बदलत नाही, हा भेद स्पष्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

(ई) पाण्याचा थेंब गोल असतो, हे उदाहरण येथे देऊ नये. थेंबाची गोलाई त्याच्या पृष्ठभागाच्या ताणामुळे येते. तिचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध नाही. चुकीच्या दाखल्याने बरोबर गोष्टही मनात चुकीच्या रीतीने बसते.

(उ) वर्गातील तक्त्यावर मंगळाभोवती गोल उपग्रह काढलेले असतील, तर तक्ता टाकून देण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांकडून फोबोस व डीमोस यांच्या खऱ्या आकृत्या कागदावर काढवून घेऊन त्या तक्त्यावर चिकटवाव्यात. चूक आपल्या हाताने दुरुस्त केलेली विद्यार्थी विसरत नाही.

शेवटी विचारावयाचे प्रश्न: चंद्र गोल आहे, पण फोबोस गोल नाही, याचे कारण काय? नदीतील गोट्याची व चंद्राची गोलाई यांत फरक कोणता? उलट दिशेने फिरणारा उपग्रह आपल्याविषयी काय सांगतो? मानेगावचा दगड कोठून आला असावा व हे कशावरून?

आणि एखाद्या चौकस विद्यार्थ्याने "गुरुजी, मग फोबोस आला तरी कोठून?" असा प्रश्न केला, तर शिक्षकाने संकोच न करता सांगावे की, याचा निर्णय अद्याप झालेला नाही, दोन मते आहेत, दोहोंच्या बाजूची कारणे ही अशी आहेत, आणि शोध चालू आहे. असे सांगण्यात शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ज्ञान पुस्तकात संपलेले नसून त्यात आपणासही भर घालावयाची आहे, ही जाणीव विद्यार्थ्यास अशाच उत्तरातून होते. पुढील एकादशीस रथाच्या कळसावरचा चंद्र पाहताना तो केवळ त्याची कला पाहून थांबणार नाही; हा गोल का झाला आणि आला कोठून, हेही तो मनाशी विचारील.